सायकलवर आलेला बंब

लिंबराज कांबळे आगीच्या ठिकाणी पोचले की आधी आगीकडे पाठ करून उभे राहायचे. पोरं होज उलगडत असायची, ड्रायव्हर खाजाभाई पंप सुरू करत असायचा, आणि हे मात्र कमरेवर हात ठेवून जमलेल्या माणसांचे चेहरे एकेक करून बघायचे. लातूर नगरपालिकेच्या अग्निशामक दलात मी टेलिफोनवर नवीन लागलो होतो. एकदा सुट्टीच्या दिवशी हौसेनं बंबावर बसून गेलो तेव्हा हे पाहिलं, आणि मला वाटलं, माणूस आगीला भितो. परत येताना त्यांनीच विचारलं,

"काय बघून राहिला होतास रे बिराजदार?"

"आग, मामा."

"आग काय पळून जाती का? माणसं बघावीत. ती पळून जातात."

सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे मुखेडकडचे. नांदेडला बंबावर काम शिकले आणि लातूर नुकताच जिल्हा झाला तेव्हा इकडे आले. हुद्दा लीडिंग फायरमनचा. वरच्या अधिकाऱ्याची जागा मंजूर होती पण माणूस आलेला नव्हता, त्यामुळे सगळा कारभार त्यांच्यावर. अंगानं सडसडीत, खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. डावी भुवई कधीतरी जळाली होती ती पुन्हा धड उगवली नव्हती. त्यामुळे समोरच्यावर त्यांचा विश्वास नाही असं पाहणाऱ्याला सतत वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

बंबाच्या टाकीला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी होती. मामा तिच्याकडे बघायचेही नाहीत. सकाळी आल्या आल्या टाकीला बोटांच्या पेरांनी ठोकत खालून वर जायचे आणि आवाज ऐकायचे. ऑफिसातलं घड्याळ त्यांना मान्य नव्हतं, कारण ते कुणी लावलं हे कुणाला सांगता येत नव्हतं. आगीच्या प्रत्येक अहवालात कारणाच्या जागी ते एकच शब्द लिहायचे, 'संशयास्पद'. एका म्हातारीच्या स्टोव्हचा भडका उडाला, तिथंही तेच. मुख्याधिकारी एकदा वैतागून म्हणाले, "कांबळे, कधीतरी एखादी आग आपोआप लागू द्या." मामा म्हणाले, "लागल साहेब. माझी ना न्हाई. दिसली की लिहितो."

बाहेर ते कुणाकडेही चहा घ्यायचे नाहीत, पाणीही नाही. "मी बाहेरचं घेत न्हाई," एवढं बोलून मोकळे व्हायचे. मला तो त्यांच्या संशयाचाच एक भाग वाटायचा. आम्ही थट्टाही करायचो, मामाला वाटतं चहात कुणीतरी काहीतरी घालील.

पेंडीच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम जळालं तेव्हाची गोष्ट गावात बरेच दिवस फिरत होती. त्याही दिवशी मी बंबावर गेलो होतो. आग विझली, मालक ओट्यावर डोकं धरून बसलेला. शेजारी मुनीम, आणि मुनिमाच्या मांडीवर देवांच्या फोटोंची चळत. मामा जवळ गेले.

"मालक, देव कधी बाहेर आले?"

"आं?"

"पोती जळाली. तराजू जळाला. तुमची गादी जळाली. देवाच्या हारातलं फूल बी सुकलं न्हाई."

"त्याची कृपा, कांबळे. दुसरं काय."

"हाव. कृपा आगीच्या आधी झाली का नंतर, तेवढंच इचारतो."

गर्दीत हशा पिकला. मालकानं विषय बदलायला चहा मागवला. ट्रेमध्ये काचेचे पेले होते आणि कडेला कान तुटलेला एक कप होता. मुनिमानं तो कप मामांसमोर धरला. मामा म्हणाले, "मी बाहेरचं घेत न्हाई," आणि बंबाकडे चालते झाले. मी पेला घेतला आणि प्यालो. तो कप मी पाहिला होता. तो तसा का होता हे मात्र माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. मामांच्या वाक्याचा अर्थ मी इतके दिवस उलटा लावत होतो. ते समोरच्याला कप निवडायची संधीच देत नव्हते.

मग दुष्काळ आला. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला. मांजरेच्या पात्रात लोक झरे खणायला लागले. जिल्हा झाल्यामुळे गावात नवी कार्यालयं, नव्या पाट्या, जीपगाड्या, आणि नळाला मात्र पाणी नाही. अशा गावात भर रस्त्यावरच्या शेडमध्ये एक लाल गाडी चोवीस तास भरलेली उभी. ती भरलेली ठेवणं हाच तिचा नियम. येणारी-जाणारी माणसं थांबून, गोठ्यातल्या दुसऱ्याच्या दुभत्या म्हशीकडे बघावं तशी, तिच्याकडे बघायची. मामांनी टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की आग लागली असा फोन केला की भरलेली टाकी आपोआप दारात येते. पहिला फोन नोकरदारांच्या कॉलनीतून आला. बंब गेला, आग नाही, बायका बादल्या घेऊन रांगेत. मग हे रोजचंच झालं. कॉलन्या, पेठा, वस्त्या, कुणी मागं राहिलं नाही. शेवटी मुख्याधिकाऱ्यांचा हुकूम निघाला. आग नसताना टाकी रिकामी होऊन परत आली तर जबाबदारी लीडिंग फायरमनची, कारवाई निलंबनाची. मामांचं क्वार्टर केंद्राच्या मागेच होतं. बायको, दोन मुली. नोकरी गेली की छपरासकट सगळं जाणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

हुकूम निघायलाही कारण होतं. पेठेत बोललं जायचं की कांबळे टाकी आपल्या लोकांच्या वस्तीत नेऊन ओततो. आणि त्याच वस्तीत, डाळमिलच्या पलीकडे, बोललं जायचं की कांबळे पाणी हॉटेलवाल्यांना विकतो, म्हणून आपल्याला देत नाही. दोन्हीकडची माणसं खात्रीनं सांगायची. खरं सांगायचं तर मीही कधी एकाचं, कधी दुसऱ्याचं खरं धरायचो. माणूस कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवतो म्हणजे काहीतरी असणारच, असं वाटायचं.

त्या वस्तीतूनही फोन आला होता. बंब गेला तर वाटेत घागरींची भिंत. मामा खाली उतरले.

"आग कुठं हाय?"

सरूबाई नावाची म्हातारी पुढं झाली. "थांब की लेकरा, लावते."

तिनं स्वतःच्या खोपटाच्या छपरातला पाचटाचा झुबका ओढला आणि काडी लावून वाटेत टाकला. "घे. आता इझीव."

मामांनी तो बुटांनी तुडवला, वर दोन ओंजळी माती टाकली. "इझली."

"मेल्या, तुझ्या आईला बी असंच केलं असतंस का?"

"माझ्या आईनं छप्पर पेटवलं नसतं."

"तहान तर लागली असती का न्हाई तिला?"

मामा बंबात चढले. टाकी भरलेलीच परत आली. केबिनमध्ये खाजाभाई म्हणाला, "मामू, दो घागर दे देते तो क्या बिगड़ता?"

"दोन दिल्या की दोनशे येतात. मग खरी आग लागली तर टाकीत काय राहील, तुझी दुआ?"

त्यानंतर त्यांनी मला फोन ओळखायला शिकवलं. "हे बघ बिराजदार, ज्याचं घर जळतंय त्याला पत्ता सांगता येत न्हाई. तो रडतो, शिव्या देतो, 'या लवकर' म्हणून फोन आपटतो. मग आपण धूर बघून जायचं. आणि ज्याला गल्ली, खूण, घरमालकाचं नाव समदं आठवतंय, त्याच्याकडं आग न्हाई. रिकामी घागर हाय."

हे वरचेवर खरं ठरत गेलं. ज्या फोनबद्दल असा संशय येईल तिथं मामा आधी स्वतः सायकलवर जाऊन बघायचे. खाजाभाई इंजिन गरम करून तयार असायचा. आग दिसलीच तर मामा जवळच्या फोनवरून बंब बोलावणार, अशी पद्धत पडली. गावाला नवा विनोद मिळाला. पोरं मागं ओरडायची, "सायकलवर बंब आला, सायकलवर बंब आला." मामा घंटी वाजवायचे.

तो फोन भर दुपारी आला. आवाज शांत, शब्द सुटे सुटे. "मी वाघमारे गुरुजी बोलतो आहे, निवृत्त शिक्षक. डाळमिलच्या मागील वस्तीत, पिंपळाच्या झाडाजवळच्या घरांना आग लागली आहे. वारा मिलच्या दिशेने आहे. कृपया बंब पाठवावा." मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणालो, "मामा, डाळमिलच्या मागून फोन हाय. फार नीट बोलतोय."

एवढंच म्हणालो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तरी इतक्या वर्षांत ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

"कसं नीट?" मामांनी विचारलं.

"वारा कुठला हाय ते बी सांगितलं."

मामा हसले. मी त्यांना हसताना फार कमी पाहिलंय. सायकल काढली आणि गेले.

पुढचा फोन आला तो मामांचाच, मिलच्या ऑफिसातून. आधी मला आवाज ओळखूच आला नाही. कुणीतरी नुसतं ओरडत होतं, "आण ना रे, भाड्या, गाडी आण, गाडी आण," आणि फोन बंद. पत्ता त्यांनी सांगितला नाही.

खाजाभाईनं बंब नेला. पुढचं मला त्यानंच सांगितलं. बंब पोचला तेव्हा पिंपळाजवळची पाच-सहा खोपटी जळून बसली होती, पण आग पुढं सरकली नव्हती. बायकांनी घराघरातली प्यायच्या पाण्याची घागर न् घागर, रांजण न् रांजण ओतून ती अडवली होती. माणूस कुणी गेलं नाही. सरूबाईचा हात भाजला होता. राखेतून धूर येत होता आणि सगळ्या वस्तीत पाण्याचा थेंब राहिला नव्हता. मामा राखेत उभे, सायकल आडवी पडलेली. सरूबाई त्यांच्याकडे बघत होती.

खाजाभाई म्हणाला, "मामू, आग तो बुझ गई. टंकी फुल है. वापस?"

मामांनी करदोड्याची किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि व्हॉल्व्ह उघडला. "घागरी आणा," म्हणाले. बायका आल्या. शेवटची घागर भरेपर्यंत ते तिथं उभे राहिले. मग वाकून टाकीला पेरांनी ठोकलं, रिकामा आवाज ऐकला आणि खाजाभाईला म्हणाले, "चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "येतोस का? गुरुजीकडं जायचंय." मला का नेलं हे मी विचारलं नाही. मला वाटत होतं, तिथं माझ्या वाक्याचा हिशेब होणार. झाला नाही.

वाघमारे गुरुजी जळक्या भिंतीच्या सावलीत खाटेवर बसले होते. धोतर स्वच्छ, पायांत चपला. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

मग म्हणाले, "कांबळे, एकच विचारतो. तुम्ही सायकलवर का आलात?"

मामांनी टाळलं नाही. "तुमी लई नीट बोललात, गुरुजी. म्हणून खोटं वाटलं."

गुरुजींनी मान हलवली. जणू शाळेत एखाद्या पोरानं अवघड उत्तर बरोबर दिलं होतं.

"आपल्या माणसाचं कचेरीत कुणी ऐकून घेत नाही," ते सावकाश म्हणाले. "म्हणून मी जन्मभर पोरांना एकच शिकवलं. पूर्ण नाव सांगा. शुद्ध बोला. आवाज चढवू नका. समोरच्याला 'खोटं बोलतो' म्हणायला जागा ठेवू नका. काल घर पेटलं होतं. मिलच्या मुनिमानं फोन हातात दिला तेव्हा मी आधी दोनदा श्वास घेतला, कांबळे. आवाज कापू नये म्हणून."

मामा खाली बघत होते. मी दुसरीकडे बघत होतो. मिलच्या धुराड्याकडे, पिंपळाकडे, कुठंही.

गुरुजींच्या सुनेनं पितळी पेल्यात पाणी आणलं. कालच्याच टाकीतलं. मला वाटलं, मामा नेहमीचं वाक्य म्हणतील. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी प्याले आणि पेला जमिनीवर हळूच ठेवला.

उठताना गुरुजी म्हणाले, "चौकशीला मला बोलावतील. मी खरं ते सांगणार."

"हाव," मामा म्हणाले.

चौकशी आठवड्यात झाली. पेठेतल्या लोकांना हवंच होतं ते मिळालं, कांबळेनं अखेर टाकी आपल्या लोकांना दिली. वस्तीतल्या लोकांनी गुरुजींना आधीच बजावलं होतं, मामाला वाचवा. बंब आला तेव्हा आग धडधडत होती, एवढं बोला. गुरुजींचं वय आणि नाव असं होतं की त्यांच्या शब्दापुढे दुसरा साक्षीदार लागला नसता. मला फक्त फोन किती वाजता आला ते विचारलं. मी सांगितलं. आणखी काही विचारतील म्हणून मी उभाच राहिलो, तर शिपायानं दाराकडे बोट दाखवलं.

गुरुजींनी सगळं सांगितलं. आधी सायकल आली. बंब नंतर आला. तोपर्यंत आग बायकांनी विझवली होती. टाकीतलं पाणी आगीवर पडलं नाही, घागरींत पडलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमची तक्रार आहे का?" गुरुजी म्हणाले, "आहे. माझ्यावर विश्वास ठेवला गेला नाही, ही आहे. पाणी दिलं त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही लिहून घ्यावं." पहिलं लिहून घेतलं.

वस्तीत गुरुजींशी लोक बोलेनासे झाले. सरूबाईनं भर वाटेत त्यांना म्हटलं, "आपल्या लेकराचा घास काढलास, मास्तरा." संध्याकाळी मी मामांजवळ गेलो. ते क्वार्टरमधलं सामान दाराशी काढत होते. मी म्हणालो, "मामा, गुरुजी सांभाळून घेतील असं वाटलं होतं का तुम्हाला?"

"वाटलं होतं. तेच भ्या होतं."

"भीती कसली?"

"ते माझ्यासाठी खोटं बोलले असते, तर पेठवाले म्हणत होते ते समदं खरं झालं असतं." त्यांनी ट्रंकेची कडी लावली. "धर हिकडून."

मी ट्रंक धरली. माझ्या त्या वाक्याबद्दल बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं. ते म्हणाले, "सांभाळून, कोपरा लागल." ट्रंक टांग्यात गेली.

नोकरी पूर्ण गेली नाही. त्यांना आमच्या खात्यातून काढून गावाबाहेरच्या जकात नाक्यावर टाकलं. मुलींना घेऊन ते भाड्याच्या खोलीत राहायला गेले. महिन्याभरात आमच्याकडे रीतसर शिकलेला अधिकारी आला. तो काचेची नळी बघायचा. तो माणूस वाईट नव्हता. सायकलवरची पाहणी बंद झाली, आणि वस्तीतून फोन आला की तो लगेच बंब सोडायचा, हेही सांगितलं पाहिजे. मामांकडे जायचं असं मी मनात पुष्कळदा ठरवलं. नाका काही लांब नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या कामासाठी मी नांदेडला निघालो. एसटी नाक्यावर थांबली, कारण पुढं जनावरांच्या छावणीकडे जाणारा कडब्याचा ट्रक आडवा उभा होता. मी खिडकीत होतो. मामा ट्रकभोवती फिरत होते. बटण तसंच लावलेलं, खाकीऐवजी आता पांढरा शर्ट. ड्रायव्हर खाली उतरून पावतीसाठी हात पुढं करून उभा होता.

"मामा, फाडा की पावती. जनावरं उपाशी हायत तिकडं."

"थांब."

"आता काय राहिलं?"

"मधून गरम हाय गंजी. ओला भरलाय कुणीतरी. असला कडबा आतून आपोआप पेटतो. उतरव."

"येड लागलं का काय तुमाला? समदा उतरवू?"

मामांनी बाही वर केली आणि कडब्याच्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. डोळे मिटून तसेच उभे राहिले. हात बाहेर काढला आणि तळवा स्वतःच्या गालाला लावला. मग दोरी सोडायला लागले. ड्रायव्हर शिव्या देत कपाळाला हात लावून बसला. आमच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागं गाड्या थांबल्या होत्या, लोक ओरडत होते. मामा एकटेच पेंढ्या ओढून रस्त्याच्या कडेला टाकत होते.

खिडकीतून हाक मारता आली असती. मी मारली नाही. वाट मोकळी झाली तशी एसटी निघाली. मी सीटवर उलटा वळून मागं बघत राहिलो, नाका दिसेनासा होईपर्यंत. धूर काही दिसला नाही. ते अजून पेंढ्या काढतच होते.